गाडीची शिट्टी आणि हमरस्त्याची घरघर

मराठीत इतिहास लिहिला गेला तो बहुतांशी डोळ्यांनी पाहिलेल्याचा, किंवा हातांनी लिहून ठेवलेल्याचा. बखरी, शकावल्या, जमाबंदीची दप्तरे, नकाशे, छायाचित्रे ही सारी साधने डोळ्यांची आहेत. एखाद्या गावाने शंभर वर्षांपूर्वी रात्री काय ऐकले, पहाटे त्याला कशाने जाग आली, दोन घरांमधली हाक किती दूर जात असे, याची नोंद कोणत्याही दप्तरात सहसा सापडत नाही. त्यामुळे कानांचा इतिहास लिहायचा तर तो आडवाटेने, दुसऱ्याच कामासाठी केलेल्या नोंदींमधून गोळा करावा लागतो. प्रस्तुत लेखात आम्ही डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांपुरता असा एक प्रयत्न करीत आहोत. त्याचे केंद्र वाणगाव आहे, आणि ते का, हे आधी सांगितले पाहिजे. कारण वाहनांच्या गोंगाटाविषयी लिहायचे आणि हमरस्त्यावर नसलेले गाव निवडायचे, यावर वाचकाचा पहिला आक्षेप येणारच.

वाणगाव हे पश्चिम रेल्वेवरचे, बोईसर आणि डहाणू रोड यांच्यामधले स्थानक. पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर समुद्र. पूर्वेला पंधरा ते वीस किलोमीटरवर, चारोटीजवळून, मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग जातो. म्हणजे हे गाव समुद्राची गाज आणि हमरस्त्याची घरघर यांच्यामध्ये, लोहमार्गाला चिकटून वसलेले आहे. गेल्या दीडशे वर्षांत या पट्ट्यात दोन मोठे आवाज बाहेरून आले: आधी आगगाडीचा, नंतर ट्रकचा. एकाला लोकांनी आपल्या दिनक्रमात सामावून घेतले, दुसऱ्याला नाही. असे का झाले, हा आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ आवाजाच्या मोठेपणात नाही, असे आम्हांला वाटते.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग गुजरातेतून दक्षिणेकडे सरकत सरकत १८६४च्या नोव्हेंबरात मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. तोवर या किनाऱ्यावरची मोठी वाहतूक गलबतांची होती आणि जमिनीवरची बैलगाड्यांची. बैलगाडीचा आवाज म्हणजे आसाची करकर आणि घुंगरांची किणकिण. तो पुढच्या गावाच्या वेशीपर्यंतही पोहोचत नसे. आगगाडी आली ती कोसावरून ऐकू येणारी होती. डहाणूच्या जंगलातले लाकूड आणि गवताचे गठ्ठे मुंबईला जाऊ लागले ते तिच्याच पाठीवरून. मुंबईतले तबेले ठाणे जिल्ह्याच्या गवतावर पोसले जात आणि ते गवत कापणारा वारली वेठबिगारीत राबत असे, हे डी. सिमिंग्टन यांच्या १९३९च्या अहवालानंतर सरकारलाही नाकारता येईना. तेव्हा गाडीची शिट्टी इथे निर्मळ प्रगतीची तुतारी म्हणून आली, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि ती शिट्टी वेळेवर येत असे.

या 'वेळेवर'मध्ये बरेच काही आहे. आगगाडीचा आवाज आपल्याबरोबर वेळापत्रक घेऊन आला. रेल्वेची वेळ आणि गावाची वेळ यांत सुरुवातीला मेळ नव्हता: रेल्वे मद्रास वेळेवर चाले आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्ध्या तासाने पुढे होती. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रास वेळ मुंबईवर लादू पाहिली तेव्हा शहराने ती धुडकावली. १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही मुंबई महापालिका १९५५पर्यंत आपलीच 'मुंबई वेळ' कवटाळून बसली होती. शहराला हा अभिमान परवडत होता. रुळाकाठच्या पाड्यावर घड्याळच नव्हते, त्यामुळे तिथे वाद उद्भवला नाही. तिथे गाडी हेच घड्याळ झाले. कोणत्या गाडीला उठायचे, कोणत्या गाडीला गुरे सोडायची, कोणत्या गाडीनंतर दिवा मालवायचा, असे वेळेचे कोष्टक आवाजावरून बनले. रेल्वेच्या गावांत वाढलेल्या कोणत्याही वयस्क माणसाच्या बोलण्यात ते आजही सापडते. पुढे मिरचीच्या पाट्या मुंबईला पाठवणाऱ्या वाणगावच्या शेतकऱ्यानेही आपली पहाट गाडीवरूनच मोजली.

रेल्वेच्या आवाजाला आणखी एक गुण होता: तो नियमाने बांधलेला होता आणि आहे. फाटकाच्या अलीकडे रुळाकाठी एक पिवळी पाटी असते, तिच्यावर 'सी/फा' अशी अक्षरे असतात. सीटी आणि फाटक. चालकाने त्या पाटीपासून शिट्टी वाजवायची असते. शिट्टी कुठे वाजणार हे ठरलेले, का वाजणार हेही ठरलेले. रुळांची लांबी तेरा मीटर, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर चाकांचा ठेका पडे. पुढे रूळ जोडून लांबच लांब केले गेले आणि तो ठेका मार्गाच्या मोठ्या भागावरून नाहीसा झाला. १९७०च्या दशकात विरारच्या पुढचा मार्ग विजेवर आला आणि वाफेच्या इंजिनाचा धापा टाकणारा आवाज गेला. १६ एप्रिल २०१३ रोजी चर्चगेटपासूनची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली, आणि वाणगावच्या फलाटावर ध्वनिक्षेपकावरची उद्घोषणा हा एक नवा, आर्जवी आवाज दिवसभराचा सोबती झाला. प्रत्येक बदलाबरोबर गावाने कान नव्याने लावले. लागलेले कान नंतर आवाज ऐकेनासे होतात. रुळाकाठच्या घरात पाहुणा रात्रभर जागा आणि यजमान घोरत असतो, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. गाडी चुकली, म्हणजे आवाज झालाच नाही, की मात्र यजमानाला जाग येते.

आता पूर्वेकडे वळू. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८. नव्या क्रमांकनानुसार तो ४८ झाला, पण परिसरातल्या लोकांच्या तोंडी तो 'हायवे' एवढाच आहे. 'महामार्ग' हा शब्द पाट्यांवर आणि भूसंपादनाच्या नोटिशीत राहतो, 'हमरस्ता' वर्तमानपत्रात. मनोर, चारोटी, तलासरी, आच्छाड असा तो गुजरातच्या सीमेला भिडतो. एकेकाळी तो दोन पदरी होता. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता यांना जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरच्या सुवर्ण चतुष्कोणात तो समाविष्ट झाला, चौपदरी झाला. पुढे २००९पासून सुरत-दहिसर हा २३९ किलोमीटरचा टप्पा सहापदरी करण्याचे काम चालले. रुंदीकरणाचा हिशोब किलोमीटर, पदर आणि कोटी रुपये यांत मांडला जातो. त्याचा कानांचा हिशोब वेगळा आहे. वाहनांची संख्या दुप्पट झाली की आवाज सुमारे तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. पण वाहनांमधली अंतरे बुजतात. दोन ट्रकच्या मधली शांतता हीच रस्त्याकाठच्या माणसाची मिळकत होती, आणि रुंदीकरणाने तीच गेली.

कॅनडातील संगीतकार मरी शेफर यांनी १९७७च्या आपल्या ग्रंथात 'ध्वनिदृश्य' ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी एक भेद दाखवला होता. निसर्गातले आणि हाताच्या कामाचे आवाज जन्मतात, वाढतात, विरतात. यंत्रयुगाने आणलेला आवाज सरळ रेषेसारखा असतो. त्याला आरंभ नाही, शेवट नाही, चढउतार नाही. आमच्या पट्ट्याच्या बाबतीत हा भेद यंत्र आणि निसर्ग यांच्यामध्ये पडत नाही, तो दोन यंत्रांच्या मधोमध पडतो. आगगाडी यंत्रच आहे, पण तिच्या आवाजाला आदि, मध्य आणि अंत आहेत. ती येते, जाते, तिचे जाणे ऐकू येते. हमरस्ता येत नाही आणि जातही नाही. शेफर यांचे विभाजन अपुरे वाटते ते इथेच.

मराठी भाषा यावर काय सांगते? ध्वनीचे अनुकरण करणाऱ्या शब्दांच्या बाबतीत आपली भाषा गर्भश्रीमंत आहे: खडखड, धडधड, घरघर, कलकलाट, गजबज, किणकिण, रिपरिप, सळसळ. परंतु हे शब्द तपासले तर त्यांतले बहुतेक द्विरुक्त आहेत, म्हणजे त्यांत ठेका आहे. ज्या आवाजाला ठेकाच नाही त्याला काय म्हणावे? आमच्या वर्गातल्या, हमरस्त्यालगतच्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एकदा 'झोपण्यापूर्वी ऐकू येणारा शेवटचा आवाज' या विषयावर पानभर लिहायला सांगितले होते. बहुतेकांनी प्रेशर हॉर्नविषयी लिहिले, ब्रेकच्या किंकाळीविषयी लिहिले. म्हणजे सरळ रेषेतून वर उठणाऱ्या टोकांविषयी. खालच्या रेषेला नाव देण्याचा प्रयत्न एका विद्यार्थिनीने केला, आणि तिने शब्द वापरला 'गाज'. हा शब्द समुद्राचा. त्या मुलीचे आजोळ किनाऱ्यावरचे होते, म्हणून तो तिच्याकडे होता. शब्द सुंदर आहे, आणि फसवाही. समुद्राच्या गाजेत भरती-ओहोटी असते.

त्याच लिखाणांतून कळलेल्या काही गोष्टी इथे नोंदवण्यासारख्या आहेत, कारण गोंगाटाशी जुळवून घेणे म्हणजे काय हे त्यांत दिसते. झोपण्याची खोली रस्त्याकडून मागच्या पडवीत हलते, आणि पुढची खोली दुकानाला किंवा पाहुण्यांना दिली जाते. उन्हाळ्यातही रस्त्याकडची खिडकी बंद राहते. पंखा हवेसाठी कमी आणि आवाजासाठी जास्त लावला जातो, कारण जवळचा एकसुरी आवाज दूरच्या आवाजाला झाकतो. तो थंडीतही चालू असतो. बोलण्यात एक थांबा येतो: ट्रेलर जाईपर्यंत वाक्य अर्ध्यावर धरून ठेवायचे आणि मग तिथूनच पुढे न्यायचे. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटते, घरच्यांना कळतही नाही. रस्त्याकाठच्या शाळांत शिकवणाऱ्या शिक्षकांच्या वाक्यांतसुद्धा हा थांबा मुरलेला असतो. आणि एका मुलाने निःसंकोच लिहिले होते की आवाज बंद झाला तर त्याच्या घराला काळजी वाटते. वडिलांची टायर पंक्चरची टपरी आहे. हे वाक्य आम्ही विसरू शकलेलो नाही. हमरस्त्याचा आवाज हे एखाद्यासाठी गिऱ्हाईकाचे पाऊल असते. ढाबे, टपऱ्या, गॅरेज, चहाच्या गाड्या यांच्या अर्थशास्त्रात शांतता म्हणजे मंदी.

गोंगाटाचा प्रश्न मोटारींबरोबर जन्मला असे समजण्याचे कारण नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ज्यूलिअस सीझरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने रोम शहरात दिवसा मालगाड्यांना बंदी केली. गाड्या रात्री येऊ लागल्या. त्यानंतर दीडएकशे वर्षांनी ज्युवेनल या उपहासकवीने तक्रार केली की रोममध्ये झोप ही फक्त श्रीमंतांना परवडते. या घटनेचा आमच्या हमरस्त्याशी थेट संबंध आहे. मुंबई-ठाणे परिसरात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना प्रवेशबंदी असते. शहराचा दिवस त्यामुळे सुसह्य होतो हे खरेच. पण थोपवलेले ट्रक नाहीसे होत नाहीत, ते वेळ बदलतात. शहराने दिवसा जे नाकारले ते रात्री मनोर-चारोटी-तलासरीच्या काठाने वाहते. ज्युवेनल निदान रोमचा रहिवासी होता, गाड्या त्याच्याच शहरासाठी येत होत्या.

लंडनमध्ये टॉमस कार्लाइलने १८५३च्या सुमारास शेजाऱ्यांचे कोंबडे आणि पियानो यांना कंटाळून घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची 'निःशब्द' खोली बांधली. जवळचे आवाज थांबले, आणि दूरचे, आगगाडीच्या शिट्ट्यांसारखे, आजवर लक्षात न आलेले आवाज ऐकू येऊ लागले. साहित्याच्या अभ्यासकांना हा किस्सा विनोद म्हणून ठाऊक असतो. त्यातले ध्वनिशास्त्र मात्र खरे आहे. आवाज झाकणारा आवाज काढून घेतला की त्यामागचा आवाज उघडा पडतो. चारोटीच्या घरातला पंखा वीज गेल्यावर बंद पडतो तेव्हा हेच होते.

रात्रीचे आणखी एक शास्त्र आहे. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते. अशा हवेत ध्वनी वर निसटून न जाता वळून पुन्हा जमिनीकडे येतो. म्हणून दिवसा जो रस्ता ऐकूही येत नाही तो रात्री दीड-दोन किलोमीटरवरच्या पाड्यात उशाशी येतो. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण डोळ्यांपुरती ठीक आहे. झाडांची एखादी रांग लावली म्हणजे आवाज अडतो ही समजूतही तितकीशी खरी नाही. दाट आणि बराच रुंद पट्टा असेल तरच फरक पडतो. एका रांगेने रस्ता दिसेनासा होतो, आणि न दिसणारा रस्ता कमी त्रास देतो, एवढेच.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला त्या मुद्द्याकडे येतो. डहाणू-तलासरी हा वारल्यांचा प्रदेश आहे. वारली म्हटले की वाचकांना चित्रे आठवतात, आणि त्यात गैर काही नाही. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (निधन २०१८) यांनी ही चित्रकला लग्नघराच्या भिंतीवरून जगभर नेली. २०११ला त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याविषयी सांगतात की लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले आणि धुळीत चित्रे काढून आपले म्हणणे सांगत. परंतु वारली संस्कृतीचा मोठा भाग ऐकण्याचा आहे. लग्न लावते ती धवलेरी, आणि ती ते गाऊन लावते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. भाताचे पीक हाती येऊ लागले की तारपा वाजतो. भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांतून बनलेले हे वाद्य खणखणीत आहे. ट्रकच्या आवाजातही ते तग धरते. घांगळीचे तसे नाही. दोन भोपळ्यांना जोडणारा दांडा आणि त्यावर तारा, असे हे हळुवार वाद्य. त्याच्या साथीने भगत कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा रात्रभर सांगतो. कथा लांब आहे, आवाज खालच्या पट्टीतला आहे, श्रोते जवळ बसलेले असतात.

लोकसाहित्याच्या अभ्यासात आपण संहिता गोळा करतो, पाठभेद नोंदवतो, निवेदकाचे वय आणि गाव लिहितो. ती संहिता ऐकू येण्यासाठी भोवताली किती शांतता लागते, हे आपण नोंदवत नाही. लिखित साहित्याला कागद लागतो, तसा मौखिक साहित्याला शांततेचा कागद लागतो. आणि तो कागद फाटला तर कथा न विसरताही सांगितली जाईनाशी होते. भगताने आवाज चढवला तर ती कथा तीच राहत नाही. ध्वनिक्षेपक लावला तर ती कार्यक्रम होते. याचा दोष एकट्या हमरस्त्यावर टाकणे हा भाबडेपणा ठरेल: लग्नांत डीजे आला आहे, तो पाड्यातल्याच तरुणांनी हौसेने आणला आहे, आणि त्यांना तो आणण्याचा अधिकार आहे. पण डीजे पहाटे बंद होतो. तो आपला आवाज आहे, आपण बोलावलेला. हमरस्त्याला कुणी बोलावले नव्हते.

हाच प्रदेश एका काळी कानांच्या भरवशावर किती दूरपर्यंत जोडलेला होता, याचा पुरावा १९४५चा आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आपल्या अभ्यासक्रमांत असते, पण ते आपण राजकीय आत्मकथन म्हणून शिकवतो. त्या लढ्यातल्या निरोपांच्या प्रवासाकडे लक्ष दिले तर आणखी काही दिसते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला 'गोदूताईंच्या जिवाला धोका आहे' अशी अफवा पसरली आणि रात्रीतून हजारो माणसे जमली. पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. अफवा खोटी होती. ज्या वेगाने ती पाड्यापाड्यांवर पोहोचली तो वेग खरा होता, आणि तो माणसांच्या आवाजाचा होता. तिथे ना टेलिफोन होता, ना ध्वनिक्षेपक.

कायद्याचे काय? ध्वनिप्रदूषण नियंत्रण नियम २००० साली आले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, व्यापारी भागात ६५ आणि ५५. 'रात्र' म्हणजे दहा ते सहा. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गोंगाटमुक्त जगणे हा जीविताच्या अधिकाराचाच भाग आहे आणि कुणावर ऐकण्याची सक्ती करता येत नाही. उत्तम निकाल. परंतु हे सगळे ज्या लढ्यांतून घडले ते प्रामुख्याने शहरी होते: ध्वनिक्षेपक, फटाके, उत्सव. त्यांत आवाज करणारा ओळखता येतो, त्याच्यावर तक्रार करता येते. हमरस्त्याच्या बाबतीत आरोपी कोण? प्रत्येक ट्रक आपापल्या मर्यादेत असू शकतो आणि सर्व मिळून मर्यादा ओलांडू शकतात. शिवाय नियम जागेचा प्रकार विचारतात. हमरस्त्याला लागून असलेले घर, ज्याच्या पुढच्या खोलीत दुकान आहे, ते निवासी की व्यापारी? दहा डेसिबलचा फरक म्हणजे कानाला साधारण दुप्पट आवाज. तो फरक एका शटरवर अवलंबून राहतो. शाळा-दवाखान्यांभोवतीच्या शंभर मीटरांच्या शांतता क्षेत्राचे कवचही २०१७च्या दुरुस्तीनंतर आपोआप लागू राहिले नाही. ते सरकारने जाहीर करावे लागते.

महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ३० एप्रिल २०१५ला ट्रकच्या पाठीवरची 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे बंद केली. भारतीय रस्त्यावरचे बहुधा सर्वाधिक वाचले गेलेले वाक्य असे कायद्याने पुसले गेले. ट्रकमागून जाताना ते अजूनही अधूनमधून दिसते.

मौज अशी की डहाणूइतका पर्यावरणाच्या कायद्याने राखलेला तालुका महाराष्ट्रात दुसरा क्वचितच असेल. २० जून १९९१च्या अधिसूचनेने तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर १९९६मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९च्या जानेवारीत निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. उद्योगांचे प्रकार, औष्णिक वीजकेंद्राचा धूर, चिकूच्या बागा, किनारा, जंगल यांवर या व्यवस्थेने बारकाईने नजर ठेवली. 'नजर' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरत आहोत. तालुक्यात काय उभे राहील याला बंधन होते. तालुक्यातून काय धावत जाईल याला फारसे नव्हते.

या पट्ट्याच्या कानांची परीक्षा एकदा अनपेक्षित रीतीने झाली. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत भूकंपांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीच्या परिसरात महिनोन्‌महिने लहान-मोठे धक्के बसत राहिले, १ फेब्रुवारी २०१९चा धक्का ४.१ रिश्टरचा होता. लोक थंडीत घराबाहेर झोपले. अनेक धक्क्यांबरोबर जमिनीतून गडगडाट येई. धुंदलवाडी हमरस्त्यापासून दूर नाही. भरलेल्या ट्रेलरने घर हादरते तेव्हाही भांडी वाजतात. रात्री तीन वाजता भांडी वाजली तर पळायचे की कूस बदलायची, हे ठरवण्यासाठी माणसाजवळ एक-दोन क्षण असतात. भूकंपशास्त्रज्ञ वाहतुकीच्या कंपनांना 'मानवी गोंगाट' म्हणतात आणि आपली यंत्रे त्यापासून शक्य तितकी दूर ठेवतात. माणसांना ती सोय नसते.

आणि मग २५ मार्च २०२०. टाळेबंदीत जगभरच्या भूकंपमापकांवरचा हा मानवी गोंगाट निम्म्यापर्यंत उतरल्याचे त्याच वर्षी 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आमच्या हमरस्त्यावरही आवाज ओसरला. शहरांतून त्या दिवसांत 'पक्षी ऐकू येऊ लागले' असे पुष्कळ ललित लेखन झाले. चारोटी-तलासरीच्या रस्त्यावर मात्र त्या शांततेत पावले ऐकू येत होती: मुंबईहून गुजरात-राजस्थानकडे चालत निघालेल्या मजुरांची. शांतता म्हणजे नेहमी सुख असते, हे गृहीतक त्या लेखनात इतके सहज शिरले होते की आम्हांला ते अजून खटकते.

आता नवे मार्ग येत आहेत. याच पट्ट्यातून दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा वडोदरा-मुंबई टप्पा जातो, १,५०६ किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहू लोहमार्ग जातो, आणि ५०८ किलोमीटरची मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेही. या शेवटच्या मार्गाच्या उन्नत भागाला रुळाच्या पातळीपासून दोन मीटर उंचीच्या ध्वनिरोधक भिंती आहेत. म्हणजे आवाज अडवता येतो, ते तंत्र ठाऊक आहे आणि त्याला पैसेही आहेत. हमरस्त्यांच्या वाट्याला अशी भिंत क्वचित येते, आणि आली तरी टपरीवाल्याला ती नकोच असेल.

वाणगावच्या पश्चिमेला वाढवण आहे. प्राधिकरणाने १९९८ला नाकारलेल्या बंदराला ३१ जुलै २०२३ रोजी सशर्त संमती दिली. जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या विषयापुरते एवढेच की बंदराला राष्ट्रीय महामार्गाशी जोडणारा रस्ता लागतो, आणि समुद्र व महामार्ग यांच्यामध्ये वाणगावचा पट्टा आहे. वरोर-चिंचणीकडच्या घरांमधून दागिन्यांच्या डाय कोरणाऱ्यांची हलकी टकटक ऐकू येते. त्या टकटकीपासून घांगळीच्या पाड्यांपर्यंतचा प्रदेश आजवर दोन्ही मोठ्या आवाजांच्या मधला होता.

पर्यावरणीय आघाताच्या अहवालांत ध्वनीचा एक तक्ता असतो: ठिकाण, दिवस, रात्र, डेसिबल. त्या आकड्यामागे नेमके काय वाजत होते हे त्यात नसते. म्हणून यंदापासून लोकसाहित्याच्या ध्वनिमुद्रणाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एक जादा काम दिले आहे. कथा किंवा गाणे सुरू होण्यापूर्वी, कुणीही बोलत नसताना, पाच मिनिटे यंत्र नुसते चालू ठेवायचे आणि नंतर ऐकू आलेले आवाज क्रमाने लिहायचे. वाणगावच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरची पहिली नोंद आमच्यासमोर आहे. रात्रीचे साडेनऊ. रातकिडे, कुत्रा, शेतातला पंप, कुणाचे तरी खोकणे, दूरची मालगाडी. मग पुन्हा रातकिडे. ट्रक नाही.